झाडावर माणूस जखमी झाला, तर त्याला खाली कसं आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पाच जणांची टोळी सोसायट्यांमधली झाडं छाटते. हेल्मेट, हार्नेस आणि एक छोटा चेनसॉ त्यांनी घेतला आहे. मुकादम विचारतात की वर माणूस बेशुद्ध पडला, कटर लागला किंवा आग्या मोहोळ उठलं, तर अग्निशमन दलाची वाट पाहायची की आपणच काही करायचं? दर वेळी हायड्रोलिक बकेट, म्हणजे माणसाला वर उचलणारा गाडीवरचा पाळणा, भाड्याने आणणं हा एकच उपाय आहे का? शिवाय आता त्यांच्याकडे नारळाची कामंही यायला लागली आहेत, त्याचं काय?

अग्निशमन दलाला फोन करायचाच, पण त्यांच्या भरवशावर काम करायचं नाही. चेनसॉने मांडीची किंवा दंडाची मोठी रक्तवाहिनी कापली गेली, तर हातात ३ ते ५ मिनिटं असतात. तेवढ्यात बंब सोसायटीच्या फाटकापर्यंतही पोचत नाही. आत आला तरी पार्क केलेल्या गाड्यांमधून त्याची शिडी झाडाच्या मध्यापर्यंत जाईलच असं नाही. म्हणून सुटका करणारे तुम्हीच, आणि तीही त्या वेळी झाडावर आधीच बांधलेल्या दोरांवर. अपघात झाल्यावर दोर टाकायला घेतला तर गलोलीने फेकलेलं दोरीचं वजन तिसऱ्या-चौथ्या फेकीत फांद्यांच्या बेचक्यातून जातं आणि तेवढा वेळ वाया जातो. आमच्याकडे नियम साधा आहे: पहिला माणूस वर जाण्याआधी त्याला खाली आणायची सोय बांधून तयार असते. ती नसेल तर त्या दिवशी ते झाड होत नाही, सोसायटीचे सेक्रेटरी कितीही घाई करोत.

आता तुमचे हार्नेस. कोणते घेतलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बाजारात सहज मिळतो तो बांधकामावरचा, आयएस ३५२१ या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा. तो पडणाऱ्याला झेलण्यासाठी बनवलेला असतो, त्याची कडी पाठीवर असते आणि पट्ट्याला धक्का शोषणारी घडी शिवलेली असते. माणूस पडला की ती घडी उसवत उघडते आणि पट्टा पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकतो. मुळात दीड-दोन मीटरचा पट्टा, त्यात ही वाढ, त्यात माणसाची उंची. स्लॅबच्या कडेला एवढी मोकळी जागा मिळते. झाडात त्याआधीच खालची फांदी बरगड्यांत बसते. समजा नाही बसली, तरी पाठीवरच्या कडीला लटकलेल्या माणसाला स्वतःची कडी दिसत नाही आणि तिथे हातही पोचत नाही. हाडं शाबूत असूनही तो स्वतः उतरू शकत नाही. झाडासाठी कंबर आणि मांड्या धरणारा, समोरच्या बाजूला जोडणी असलेला हार्नेस लागतो. त्यात माणूस सतत ताणलेल्या दोरावर बसून काम करतो, म्हणजे पडायला दोरात ढीलच नसते. महाग आहे, पण पाचांसाठी पाच लागत नाहीत. दोन घ्या: एक वर जाणाऱ्याला, दुसरा त्याला आणायला जाणाऱ्याला. दुसरा हार्नेस गाडीत नको. काम सुरू असताना तो खालच्या माणसाच्या अंगावर असला पाहिजे.

दोराबद्दल एवढंच की हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर माणसाच्या वजनासाठी वापरू नका. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, साधारण १६५ अंशांना वितळतो आणि उन्हात पडून कुजतो. घर्षणगाठ, म्हणजे भार आला की दोराला आवळून धरणारी गाठ, त्यावरून वेगाने घसरली की गाठ चिकटते किंवा दोर कातडी सुटल्यासारखा होतो. गिर्यारोहणाच्या दुकानात कमी ताणाचा, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असलेला दोर मिळतो, तो घ्या. पुण्यात अशी दुकानं शोधावी लागत नाहीत, सह्याद्रीच्या कृपेने.

माझ्या मते तुमच्यासारख्या छोट्या टोळीला सगळ्यात उपयोगी पडेल ती बुंध्याला बांधलेली, खालून सोडता येणारी एकेरी दोराची पद्धत. गलोलीने किंवा हाताने वजन फेकून बारीक दोरी बेचक्यातून काढायची आणि तिच्यामागे मुख्य दोर ओढायचा. दोराची एक बाजू बुंध्याशी येते. तिथे नुसती गाठ मारायची नाही. बुंध्याला पट्टा गुंडाळून त्यात उतरणीचं साधन, अगदी साधं इंग्रजी आठाच्या आकाराचं धातूचं असलं तरी चालेल, अडकवायचं, दोर त्यातून घेऊन पक्का बांधायचा आणि पुढे उरलेला दोर पिशवीत ठेवायचा. दुसऱ्या बाजूने माणूस चढतो. वर काही झालं की खालचा माणूस बांधलेली गाठ सोडतो आणि आठातून दोर हळूहळू सोडत त्याला जमिनीवर आणतो. कोणालाही वर चढावं लागत नाही. मागे प्रुसिक ही घर्षणगाठ ठेवायची, म्हणजे सोडणाऱ्याचा हात निसटला तरी दोर थांबतो. हातमोजे सक्तीचे.

दोराची लांबी इथेच चुकते. बेचकं १५ मीटरवर असेल तर चढणाऱ्या बाजूला १५, बुंध्याच्या बाजूला १५ आणि सोडायला आणखी १५, म्हणजे ४५ मीटर दोर हवा. ३० मीटरच्या दोरावर चढता येतं, म्हणून लोक चढतात. मग सोडायची वेळ आली की माणूस अर्ध्या वाटेवर लटकतो आणि दोर संपतो. दोराच्या प्रत्येक टोकाला जाड गाठ मारून ठेवा, नाहीतर टोक साधनातून सरकन निघून जातं.

दुसरी बाब बेचक्यावरच्या भाराची. या पद्धतीत दोराच्या दोन्ही बाजू बेचक्याला खाली ओढतात, त्यामुळे ८० किलोच्या माणसाचा भार तिथे जवळपास १६० किलो होतो. घर्षणाने थोडा कमी होतो, पण हिशोब दुपटीचाच धरा. चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लटकून झटके द्या आणि वर बघत राहा. पुण्यात तुमचा संबंध गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, जांभूळ यांच्याशी जास्त येणार. गुलमोहर आणि जांभूळ ठिसूळ. हिरवीगार फांदीसुद्धा खळकन मोडते. शेवगा, पांगारा यांच्यावर तर दोर टाकूच नका. पर्जन्यवृक्ष दणकट दिसतो, पण त्याच्या अरुंद बेचक्यात दोन फांद्यांची साल आतल्या आत दाबली गेलेली असते आणि जोड लाकडाचा राहतच नाही. रुंद, बाकदार बेचकं निवडा. बुंध्याजवळ फळीसारखं कडक अळंबं आलेलं असेल तर मुळं किंवा खोडाचा खालचा भाग आतून सडलेला असण्याची शक्यता मोठी असते. अशा झाडावर माणूस चढवायचा नाही, तिथे बकेटच आणायची. चिंच, वड, आंबा यांची निरोगी जाड फांदी सहसा दगा देत नाही, पण ढोली कुठे आहे ते आधी दुर्बिणीने नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघून घ्या.

या पद्धतीची दुखरी जागाही सांगतो. बुंध्याकडे येणारा दोर कापला गेला तर माणूस थेट खाली येतो. तो दोर कटरच्या आणि पडणाऱ्या फांद्यांच्या बाजूला असता कामा नये. खोडाच्या मागून घ्या किंवा शेजारच्या झाडाच्या बुंध्याला बांधा. त्याला लाल फडकं लावा आणि वॉचमनला सांगून ठेवा. सोसायटीतल्या मुलांना दोर दिसला की हात लावावासा वाटतोच.

दुसरी अडचण जास्त नेहमीची आहे. कटर चालवताना माणूस दोन ठिकाणी जोडलेला हवा: एक मुख्य दोर आणि एक कमरेचा पट्टा, शक्यतो आत स्टीलची तार असलेला. तसं असलं की चेन चुकून एकाला लागली तरी दुसरा धरतो. पण तोच पट्टा खोडाभोवती असल्यावर खालून कितीही दोर सोडला तरी माणूस तिथेच अडकून राहतो. म्हणून भार असतानाही सैल करता येईल असा पट्टा घ्या; नुसता हुक आणि ठरावीक लांबीची साखळी नको. आणि मुलांना हे पाठ करून घ्या: लागलं की कटर बंद, एक हात जखमेवर, दुसरा पट्ट्यावर. शुद्ध असतानाच पट्टा सोडला तर उरलेलं काम खालचा माणूस करू शकतो. बेशुद्ध झाल्यावर पट्टा सोडवायला कोणीतरी वर जाणं आलंच.

वर जायची वेळ आलीच तर त्यासाठी दुसरा दोर सकाळीच टाकून ठेवलेला असावा, शक्यतो वेगळ्या बेचक्यातून. वर गेलेल्याने जखमीच्या थोडं वर आणि बाजूला पोचायचं, आधी स्वतःचा पट्टा लावायचा, मग आपल्या हार्नेसपासून त्याच्या हार्नेसला छोटा पट्टा जोडायचा. त्याच्या अंगावरची कुठलीही जोडणी आपली लावल्याशिवाय उघडायची नाही. त्याचा मुख्य दोर आणि बेचकं शाबूत असेल तर त्याला त्याच्याच दोरावर उतरवा. आपल्या दोरावर दोघांचं वजन घेणं हा शेवटचा पर्याय. चाकू खिशात असू द्या, पण ताणलेल्या दोराजवळ तो उघडू नका. ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी दोर तुटतो, कापावा लागत नाही.

आता क्रम. ओरडा ऐकू आला की खालची सगळी यंत्रं बंद, आणि एकाने वर न जाता वर बघायचं. वीज आहे का, माशा आहेत का, अर्धवट तुटलेली फांदी लटकते आहे का? यातलं काही असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावायचा. पत्ता, सोसायटीचं फाटक, जवळची खूण सकाळीच कागदावर लिहून गाडीच्या काचेवर चिकटवा, घाबरलेल्या माणसाला स्वतःचं गावसुद्धा आठवत नाही. मग जखमीशी बोला. बऱ्याचदा माणूस घाबरलेला असतो, पण हात चालत असतात. एकेक पायरी सांगत गेलं तर तो स्वतः उतरतो, आणि तेच सगळ्यात सुरक्षित.

रक्तासाठी हार्नेसलाच छोटी पिशवी लावा: दाबपट्टी, रक्त थांबवणारा पट्टा म्हणजे टूर्निके, आणि शिट्टी. दाब देऊनही रक्त थांबत नसेल तर हातापायावर जखमेच्या चार-पाच बोटं वर, सांधा टाळून टूर्निके आवळायचा, वेळ लिहायची आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सैल करायचा नाही. बारीक दोरीने आवळलं तर कातडी चिरते आणि रक्त थांबत नाही, म्हणून रुंद पट्टाच हवा. एका हाताने लावायचा सराव जमिनीवर करून घ्या.

लटकून राहण्याचा धोका वेगळा आहे. हार्नेसमध्ये पाय न हलवता लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी जातं. काहींना काही मिनिटांतच घेरी येते, अर्ध्या तासाच्या आत शुद्ध जाऊ शकते. म्हणून दोराला पाय ठेवायची एक कडी कायम बांधून ठेवा. माणसाने तीत उभं राहावं, पाय हलवत राहावेत. अजूनही अनेक प्रशिक्षणांत सांगतात की अशा माणसाला खाली आणल्यावर आडवं करू नका, बसवून ठेवा, नाहीतर साचलेलं रक्त एकदम हृदयात येऊन तो मरतो. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा कार्यालयाने २००९ मध्ये त्याचा आढावा घेतला आणि या सल्ल्याला पुरावा नसल्याचं म्हटलं. नेहमीचे प्रथमोपचार करा: आडवं झोपवा, श्वास बघा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा.

विजेबाबत फार लिहीत नाही, कारण तिथे सुटकेला वावच कमी असतो. ओली हिरवी फांदी वीज वाहते. ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या तारेला फांदी टेकली आणि माणूस वर असला, तर झाडाला हात लावणाराही जातो, बुंध्याजवळ उभा राहणाराही. किमान १० मीटर लांब राहा, वीज कंपनीकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी हलू नये. तारेपासून ३ मीटरच्या आत फांदी येत असेल तर आधीच पुरवठा बंद करून घ्या. ‘लाइन बंद आहे म्हणाले’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. लाइनमन समोर हजर हवा.

आग्या मोहोळ मात्र आपल्याकडचाच खास त्रास आहे, परदेशी पुस्तकांत तो सापडत नाही. सकाळी झाडाची चारही बाजूंनी पाहणी करा, फांदीच्या खालच्या अंगाला काळपट अर्धवर्तुळ लोंबत असेल तर त्या झाडावर कटर सुरू करू नका. कटरच्या कंपनानेच ते उठतं. तरीही उठलंच, तर वरच्याने हात झाडायचे नाहीत आणि माशा चिरडायच्या नाहीत, कारण डंखाबरोबर सुटणारा वास बाकीच्यांना बोलावतो. चेहरा झाकून सरळ एका दमात खाली यायचं, आणि खालून सोडता येणारा दोर सगळ्यात उपयोगी इथेच पडतो, कारण माशांनी घेरलेल्या माणसाला स्वतःची गाठ सांभाळता येत नाही. सोडणाऱ्या माणसासाठी जाळीची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा अंगरखा बुंध्याशीच हवा. आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांनी, कोकणातल्या ओंबीलांनी, जीव जात नाही, पण कटर हातात असताना त्या मानेत शिरल्या की अपघात होतो. म्हणून बाह्या आणि कॉलर बंद ठेवा.

बकेट चांगलीच. किडलेल्या, वाळलेल्या झाडाला तीच आणा. पण तिचंही उतरायचं बटण खाली असतं आणि ते कसं चालतं हे चालकाशिवाय आणखी एकाला यायला हवं. बकेटमध्येही हार्नेस घालायचा, बकेटलाच जोडायचा, झाडाला कधीच नाही. जेसीबीच्या खोऱ्यात उभं राहून छाटणी करणारे रोज दिसतात. ते यंत्र माणूस उचलण्यासाठी बनवलेलं नाही, आणि माझं त्यावर याहून जास्त काही म्हणणं नाही.

नारळाचं गणित वेगळं, कारण तिथे बेचकंच नाही. बाणवलीसारख्या उंच जातीचं जुनं झाड २० मीटरच्या पुढे जातं, खोड गुळगुळीत, आणि कमरेचा पट्टा बेशुद्ध माणसाला धरून ठेवत नाही, तो त्याच्यासकट खाली घसरतो. कोकण-गोव्यातले जुने पाडेली पायात दोराचा फास अडकवून चढतात. त्यांचं कसब वादातीत आहे, पण वर चक्कर आली तर त्यांच्यापाशी काहीच नसतं. यंत्राने चढणार असाल, म्हणजे केरळातलं चेंबेरी जोसेफ पद्धतीचं दोन पायांच्या कड्यांचं यंत्र, तर मोकळ्या यंत्रावर चढू नका. तोल गेला की पाय कड्यांत अडकतात आणि माणूस डोकं खाली करून लटकतो. केरळात अग्निशमन दलाने अशांना सोडवल्याच्या बातम्या येत असतात. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने या यंत्राला सुरक्षेची जोड तयार केली आहे, तीसकट घ्या. चढताना दोन पट्टे, एक सरकवताना दुसरा आवळलेला.

झावळ्यांपाशी पोचलं की कोयता काढायच्या आधी दोराला सरकफास करून तो खोडालाच आवळायचा, झावळ्यांच्या देठांना नाही, कारण वाळलेलं देठ ओढलं की हातात येतं. त्या दोरावर आठाचं साधन आणि मागे प्रुसिक जोडून ठेवलं की घेरी येते आहे असं वाटताच यंत्र सोडून सरळ उतरता येतं. दोर जमिनीला टेकतो की नाही ते खालच्याने ओरडून सांगायचं. आणि खाली दुसरं यंत्र ठेवा. त्याच खोडावरून खालून चढून जखमीच्या पायापर्यंत पोचता येतं. दुसरं यंत्र नसेल तर शिडी शोधत गावभर फिरावं लागतं. प्रशिक्षण हवं असेल तर नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये सुरू केलेला ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हा सहा दिवसांचा कार्यक्रम आहे. मंडळाचं कार्यालय ठाण्यात आहे, चौकशी करा.

सराव न करता यातलं काहीच जमणार नाही. वृक्षारोहणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९७६ पासून भरतात, त्यात झाडावरून सुटका हा एक स्वतंत्र प्रकार असतो आणि त्यासाठी ५ मिनिटं मिळतात. तुम्ही पहिल्यांदा कराल तेव्हा अर्धा तास लागेल, आणि लागू दे. तीन मीटर उंचीवर वाळूचं पोतं हार्नेसमध्ये बांधून सुरुवात करा, मग टोळीतला सगळ्यात जड माणूस लटकवा. प्रत्येकाने सोडणारा, लटकणारा आणि चढणारा अशा तिन्ही जागा कराव्यात. कारण वर जाणारा बहुतेक वेळा टोळीतला सगळ्यात हुशार माणूस असतो, आणि तोच लटकला की खाली उरलेल्यांपैकी कोणाला काही येत नाही. पावसाळ्याआधीच्या गर्दीत वेळ मिळणार नाही, तेव्हा फेब्रुवारीतच उरकून घ्या.

विम्याचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. नारळ चढणाऱ्यांसाठी मंडळाची ‘केरसुरक्षा’ योजना आहे. बाकीच्यांनी निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतून सुरू करावी, वयाची अट १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. दवाखान्याचा खर्च त्यात येत नाही, त्यामुळे टोळीच्या नावावर वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी लागेल. अर्जात कामाचा प्रकार ‘मजुरी’ असा मोघम लिहू नका, ‘उंचीवर झाडछाटणी’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर दावा तिथेच अडतो.